6.8 की 7.6? भ्रूण ट्रान्सफरआधीच्या सोनोग्राफीत अस्तर कसं वाचायचं

गोव्यातल्या साखळीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वय 34, दोन ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच-सहा दिवस वाढवलेली भ्रूणं, गोठवून ठेवलेली. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या 2 मिग्रॅच्या गोळ्या, दिवसाला तीन. दहाव्या दिवशी घराजवळ, डिचोलीत केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाचं आतलं अस्तर 7.6 मिमी आलं. बाराव्या दिवशी आयव्हीएफ सेंटरवर तेच 6.8 भरलं आणि ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, पुढे ढकलली. “दोन दिवसांत अस्तर कमी कसं झालं? सातच्या खाली गेलं म्हणजे आशाच सोडायची का? पुढच्या वेळी सोनोग्राफीत नक्की काय बघायला सांगू? आणि ट्रान्सफरनंतर साखळीपर्यंत गाडीने यायला हरकत नाही ना?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अस्तर बहुतेक पातळ झालेलंच नाही, मोजमाप बदललं. इस्ट्रोजेन नियमित चालू असताना अस्तर वाढतं किंवा आहे तिथे थांबतं, दोन दिवसांत 0.8 मिमीने आटत नाही. दोन मशीन आणि दोन हात आले की एवढा फरक मोजण्यातच पडतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो पुढे सांगितला आहे. कारण तुमच्या बाबतीत तो तपासला गेला होता का, हे प्रश्नावरून कळत नाही.

अस्तर कसं मोजतात ते आधी बघू. सोनोग्राफी आतून, म्हणजे योनीमार्गातून करायची, लघवी करून मूत्राशय रिकामं करून. पिशवीचा, म्हणजे गर्भाशयाचा, उभा छेद असा घ्यायचा की गर्भमुखाच्या नळीची रेघ आणि अस्तराची रेघ एकाच चित्रात सलग जोडलेल्या दिसतील. ती रेघ मध्येच तुटत असेल तर छेद बाजूला गेलाय, तिथे मोजून उपयोग नाही. मग चित्र एवढं मोठं करायचं की पिशवीने पडद्याचा दोन तृतीयांश भाग व्यापला पाहिजे. छोट्या चित्रावर खूण अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे पडली तर डोळ्याला कळतसुद्धा नाही. आता अस्तर जिथे सर्वांत जाड आहे तिथे मोजायचं. ही जागा साधारण वरच्या टोकापासून, म्हणजे फंडसपासून, सेंटीमीटरभर खाली असते. एका बाजूच्या बाहेरच्या पांढऱ्या कडेपासून समोरच्या बाजूच्या पांढऱ्या कडेपर्यंत, मधल्या रेघेला काटकोनात. पुढचा आणि मागचा असे दोन्ही थर मिळून हा आकडा असतो.

चुका होतात त्या याच ठिकाणी. अस्तराच्या लगेच बाहेर स्नायूचा एक काळसर पट्टा दिसतो. तो अस्तराचा भाग नाही, पण घाईत तो आत धरला गेला की आकडा मिलिमीटर-दोन मिलिमीटरने फुगतो. पोकळीत पाणी असेल तर ते वजा करून दोन थर वेगवेगळे मोजून बेरीज करायची. रेघ तिरकी पडली तर आकडा नेहमी वाढतोच: अस्तर खरं 7 मिमी असलं आणि मोजणारी रेघ 25 अंशांनी तिरकी असली तर मशीन 7.7 दाखवेल. म्हणजे तुमचे 7.6 आणि 6.8 हे एकाच अस्तराचे दोन आकडे असणं सहज शक्य आहे, आणि त्यात 6.8 जास्त खरा असण्याची शक्यताही आहे. पिशवी पुढे झुकलेली नाही, मागेही नाही, अगदी सरळ उभी आहे, अशा वेळी ध्वनिलहरी अस्तराला समांतर जातात आणि कडा पुसट दिसतात. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या हाताने पोटावरून हलका दाब देणं, किंवा मूत्राशय थोडं भरू देऊन पुन्हा बघणं. पिशवी आकुंचन पावत असतानाही त्या क्षणी जाडी बदलते, म्हणून दोन-तीन वेळा मोजून बघावं.

यावरून व्यवहारातली एक गोष्ट निघते. काणकोण, पेडणे, वाळपई, किंवा पलीकडे सावंतवाडी-दोडामार्गाहून येणाऱ्या जोडप्यांना प्रत्येक सोनोग्राफीसाठी पणजी-बांबोळी-मडगाव गाठणं जिवावर येतं. मधली एखादी तपासणी गावाजवळ करायला काही हरकत नाही. पण प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तर भ्रूणासाठी तयार करणारं संप्रेरक, सुरू करायचं की नाही हे ज्या सोनोग्राफीवर ठरणार, ती ट्रान्सफर करणाऱ्या सेंटरवरच, शक्यतो नेहमीच्याच मशीनवर आणि त्याच डॉक्टरांकडून व्हावी. बाहेर केलेल्या तपासणीचा नुसता कागद आणू नका, खुणा केलेलं चित्र छापून किंवा फोनवर मागून घ्या. चित्रात खूण कुठे ठेवलीय ते दिसलं की आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते लगेच कळतं.

आता सात मिलिमीटरची रेषा. ती भिंत नाही. 2018 साली कॅनडातल्या राष्ट्रीय नोंदींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गोठवलेल्या भ्रूणांच्या ट्रान्सफरमध्ये अस्तर 7 मिमीच्या खाली गेल्यावर, दर मिलिमीटरमागे बाळ होण्याचं प्रमाण कमी होत गेलेलं दिसलं. ताज्या, म्हणजे न गोठवलेल्या भ्रूणांच्या, ट्रान्सफरमध्ये ही घसरण 8 मिमीच्या खाली सुरू झाली. घसरण हळूहळू होते, कडेलोट नाही. 6 मिमीवर गर्भ राहिलेले आहेत, 5 वरही राहिलेले आहेत, आणि 10 मिमीच्या सुंदर अस्तरावर न राहिलेले तर कितीतरी. 7 च्या वर गेल्यावर 8 पेक्षा 11 फार चांगलं असंही नाही. त्यामुळे 8.2 आलं म्हणून पेढे वाटू नयेत आणि 6.8 आलं म्हणून जीव काढू नये. पण हातात दोनच भ्रूण असताना, पहिल्याच प्रयत्नात, कारण न शोधता 6.8 वर ट्रान्सफर न करणं हा सेंटरचा निर्णय चुकीचा नाही. आपण थांबलो याचं वाईट वाटून घेऊ नका. थांबलेला वेळ कारण शोधण्यात गेला पाहिजे, एवढंच.

जाडीसोबत बघायचं ते अस्तराचं रूप. प्रोजेस्टेरॉन सुरू होण्याआधी, इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढलेलं अस्तर पडद्यावर तीन पांढऱ्या रेघांचं दिसतं: दोन बाहेरच्या कडा, मध्ये पोकळीची बारीक रेघ, आणि त्यांच्यामध्ये दोन काळसर पट्टे. सगळे याला ट्रिपल लाइन म्हणतात. प्रोजेस्टेरॉन लागलं की हे काळे पट्टे बाहेरून आत पांढरे होत जातात आणि काही दिवसांत सगळं अस्तर एकसारखं पांढरं दिसतं. हा रंगबदल फार बोलका असतो, आणि वर सांगितलेला अपवाद तो हाच.

गोळ्या चालू असताना अंडाशय गप्प बसायला हवं, पण कधीकधी बसत नाही. गोळ्या तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर उशिरा सुरू झाल्या, किंवा मध्ये एक-दोन डोस चुकले, की एखादं फॉलिकल, म्हणजे अंडं असलेली छोटी पिशवी, वाढतं आणि फुटतंही. मग शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन तयार करू लागतं. अस्तर पांढरं होऊ लागतं, कधी थोडं दाटून बसतं आणि आकडा खाली येतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अस्तर कमी झालं. खरं म्हणजे भ्रूण रुजायची खिडकी आपल्या नकळत उघडलेली असते. अशा वेळी वरून प्रोजेस्टेरॉन सुरू करून आपल्या हिशेबाने सहाव्या दिवशी भ्रूण सोडलं, तर अस्तर दोन-तीन दिवस पुढे निघून गेलेलं असतं आणि चांगलं भ्रूण वाया जातं. म्हणून प्रोजेस्टेरॉन सुरू करण्याआधीच्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशय बघितलेच पाहिजेत. 12-13 मिमीच्या वरचं फॉलिकल, किंवा कडेने रक्तपुरवठ्याचं वलय असलेला कॉर्पस ल्युटियम (फुटलेल्या फॉलिकलच्या जागी उरलेली, प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) दिसला, अथवा अस्तर अकाली पांढरं दिसलं, तर त्याच दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासावं. ते मिलिलिटरमागे 1.5 नॅनोग्रॅमच्या वर असेल तर त्या महिन्याची ट्रान्सफर सोडून द्यावी. बरीच सेंटर ही रक्ततपासणी सगळ्यांचीच करतात, आणि ते योग्यच आहे. ती तुमची झाली होती का, हे सेंटरला जरूर विचारा. तुमच्या 6.8 च्या अस्तराचं रूप ट्रिपल लाइन होतं की पांढरं, हेही रिपोर्टवर असायला हवं.

मग पोकळी. माझं स्पष्ट मत आहे की जाडीच्या आकड्यावर जेवढी चर्चा होते तेवढी पोकळी स्वच्छ आहे का यावर होत नाही, आणि व्हायला मात्र उलटं हवं. भ्रूण अस्तराच्या आकड्यावर रुजत नाही, ते पोकळीत रुजतं. तिथे पाणी, पॉलिप (अस्तरातून वाढलेला मऊ कोंब), गाठ किंवा चिकटपणा (व्रणामुळे आतल्या भिंती जुळून जाणं) असेल तर 9 मिमीचं अस्तरही उपयोगाचं नाही.

पाण्याचं घ्या. अस्तराच्या दोन थरांमध्ये काळी फट दिसते. ती पुढून मागे मोजायची. केसभर फट, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, प्रोजेस्टेरॉन सुरू झाल्यावर बरेचदा आपोआप नाहीशी होते. तिची नोंद करून ट्रान्सफरच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी पुन्हा बघायचं. फट 3-3.5 मिमीच्या पुढे असेल किंवा ट्रान्सफरच्या दिवशीही टिकून असेल तर भ्रूण सोडू नये, गोठवलेलं आहे ते गोठवलेलंच राहू द्यावं. नळीने पाणी ओढून काढून लगेच ट्रान्सफर करण्याचा मोह होतो, पण पाणी जिथून येतंय ते तोंड बंद केलं नाही तर पोकळी पुन्हा भरते.

हे पाणी बहुतेक दोन ठिकाणांहून येतं. एक, पाणी भरलेली गर्भनलिका, म्हणजे हायड्रोसाल्पिंक्स. सोनोग्राफीत ती अंडाशयाच्या शेजारी वाकडीतिकडी, सॉसेजसारखी काळी पिशवी दिसते. आत अर्धवट पडदे असतात, आणि आडव्या छेदात भिंतीवरच्या छोट्या उंचवट्यांची माळ दिसते. ती कधी भरलेली तर कधी रिकामी असते, म्हणून एका सोनोग्राफीत दिसली नाही म्हणजे नाहीच असं धरू नये. हे पाणी भ्रूणाला घातक असतं, हायड्रोसाल्पिंक्स असताना आयव्हीएफचं यश जवळजवळ निम्म्यावर येतं. ट्रान्सफरच्या आधी दुर्बिणीतून ती नळी काढून टाकणं किंवा पिशवीजवळ बंद करणं, हाच उपाय. इथे घाई करून भ्रूण घालवण्यात काही अर्थ नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे सिझेरियनचा व्रण. पहिलं बाळ सिझेरियनने झालेलं आणि आता दुसऱ्यासाठी आयव्हीएफ, अशा बायकांत पिशवीच्या खालच्या भागात, पुढच्या भिंतीत त्रिकोणी खाच दिसते. तिच्यात पाळीचं रक्त आणि स्राव साठतो आणि वर पोकळीत झिरपतो. पाळी संपल्यावरही चार-पाच दिवस तपकिरी डाग जात असतील तर ही खाच मुद्दाम शोधावी. ट्रान्सफरच्या वेळी कॅथेटरचं, म्हणजे भ्रूण सोडायच्या बारीक नळीचं, टोक याच खाचेत अडकू शकतं, हाही तिचा त्रास.

पॉलिप शोधायचा दिवस ठरलेला आहे: पाळीचा सातवा ते दहावा. तेव्हा अस्तर काळसर असतं आणि पॉलिप पांढरा, गोलसर, मधली रेघ मोडणारा असा उठून दिसतो. रक्तप्रवाह दाखवणारा कलर डॉपलर लावला तर त्यात शिरणारी एकच रक्तवाहिनी दिसते. हीच सोनोग्राफी विसाव्या दिवशी केली तर पांढऱ्या अस्तरात पांढरा पॉलिप लपून जातो. म्हणून पोकळीची खरी तपासणी ट्रान्सफरच्या महिन्यात नव्हे, आदल्या महिन्यात उरकून घ्यावी. शंका असेल तर बारीक नळीने 5-10 मिली सलाइन आत सोडून सोनोग्राफी करायची. पॉलिप पाण्यात पडलेल्या शेंगदाण्यासारखा स्वच्छ दिसतो. दिसला तर हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे पिशवीत दुर्बीण घालून, काढून पुढच्या पाळीनंतर तयारी सुरू करता येते.

त्याच आदल्या महिन्याच्या तपासणीत थ्रीडी घेऊन पिशवीचा समोरून दिसणारा छेद बघावा. पडदा असेल, म्हणजे वरच्या टोकातून पोकळीत 1 सेंमीपेक्षा जास्त उतरलेला आणि टोकाशी 90 अंशांपेक्षा कमी कोन करणारा भाग, तर तो साध्या सोनोग्राफीत सहज निसटतो. फायब्रॉइडचं, म्हणजे पिशवीच्या स्नायूतल्या गाठीचं, म्हणाल तर तो किती मोठा यापेक्षा कुठे आहे ते आधी विचारा. पोकळीत डोकावणारा 1.5 सेंमीचा फायब्रॉइड काढावा लागतो. बाहेरच्या अंगाला असलेला 4 सेंमीचा फायब्रॉइड बहुतेक वेळा तसाच राहू दिला तरी चालतो. भिंतीतला, पोकळीला न दाबणारा पण 4-5 सेंमीचा असेल तर मतभेद आहेत, तिथे वय आणि हातातली भ्रूणं बघून ठरवावं लागतं.

अ‍ॅडिनोमायोसिस, म्हणजे अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरणं, सोनोग्राफीत ओळखायला सरावाची नजर लागते. पिशवीची एक भिंत दुसरीपेक्षा जाड, भिंतीत छोटे काळे बुडबुडे, पंख्यासारख्या पसरणाऱ्या सावल्या, आणि अस्तराची बाहेरची कड जागोजागी मोडलेली. ही कड मोडलेली असल्यामुळे अशा पिशवीत जाडीचा आकडाच मुळात डळमळीत असतो: 11 मिमी लिहिलेलं असतं आणि त्यातलं अस्तर किती आणि आत शिरलेली भिंत किती, ते सांगता येत नाही. पाळीत खूप दुखतं, रक्त खूप जातं आणि सोनोग्राफीत हे चित्र आहे, अशा वेळी तयारीआधी दोन-तीन महिने महिन्याला एक ल्युप्रोलाइड 3.75 मिग्रॅचं इंजेक्शन देऊन पिशवी शांत करतात आणि मग इस्ट्रोजेन सुरू करतात.

अस्तर खरोखरच पातळ असेल तर काय? आधी साध्या गोष्टी. गोळ्या वेळेवर घेतल्या का, तिन्ही डोस झाले का, उलट्या झाल्या का. मग पूर्वी क्युरेटिंग (पिशवी आतून खरवडून साफ करणं) झालं होतं का, विशेषतः गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर. आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असं कारण म्हणजे जननेंद्रियांचा क्षयरोग, जो अस्तर आतून करपवून टाकतो आणि ताप-खोकला काहीही नसताना असू शकतो. सोनोग्राफीत अस्तराची रेघ मध्ये मध्ये तुटलेली, काही ठिकाणी टोचल्यासारखी पांढरी, आणि पोकळी आखूड किंवा अरुंद दिसत असेल तर औषधांचा डोस वाढवत बसू नये. हिस्टेरोस्कोपी करून आत चिकटपणा आहे का ते डोळ्यांनी बघावं.

पोकळी स्वच्छ असेल तर सर्वांत पहिला उपाय म्हणजे वेळ. बाराव्या दिवशी 6.8 असलेलं अस्तर सोळाव्या किंवा अठराव्या दिवशी 7.5 होऊ शकतं. इस्ट्रोजेन 10 दिवस घेतलं काय किंवा तीन-साडेतीन आठवडे घेतलं काय, फारसं बिघडत नाही. चार आठवड्यांच्या पुढे मात्र ओढू नये. हाच लवचीकपणा गणेश चवथीच्या सुट्ट्यांतही कामाला येतो: लॅब बंद असेल तर इस्ट्रोजेन चार दिवस जास्त घेऊन ट्रान्सफर पुढे नेता येते. गोळी तोंडाने घेण्याऐवजी योनीमार्गात ठेवली किंवा जेल जोडलं तर अस्तरापर्यंत जास्त औषध पोचतं. तरी वाढलं नाही तर मार्गच बदलावा: पाळी नियमित असेल तर नैसर्गिक चक्र, नाहीतर लेट्रोझोल ही गोळी देऊन एक फॉलिकल वाढवायचं. बऱ्याच जणींचं अस्तर गोळ्यांपेक्षा स्वतःच्या फॉलिकलच्या इस्ट्रोजेनवर बरं वाढतं. शिवाय कॉर्पस ल्युटियम असलेल्या गरोदरपणात पुढे रक्तदाबाचा त्रास कमी दिसतो, म्हणून नियमित पाळी असलेल्यांना आता हाच मार्ग आधी सुचवावासा वाटतो. यात सोनोग्राफी दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड करतात. मुख्य फॉलिकल रोज साधारण 2 मिमी वाढतं. ते 17-20 मिमीचं झालं आणि अस्तर ट्रिपल लाइन असलं की फॉलिकल फुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन देऊन सातव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट सोडतात. अंडं सुटण्याआधी येणारी एलएच या संप्रेरकाची नैसर्गिक लाट रक्तात पकडली असेल तर सहाव्या दिवशी.

पातळ अस्तरासाठी सिल्डेनाफिल (रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध), पिशवीत पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव), जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं औषध) यांचा पुरावा कमकुवत आहे. सगळं करून झाल्यावर, माहिती घेऊन, एखाद्या वेळी करून बघायला हरकत नाही. पण पहिल्याच 6.8 वर पीआरपीचं बिल कोणी पुढे ठेवलं तर “आधी हिस्टेरोस्कोपी आणि नैसर्गिक चक्र का नको?” एवढं विचारा. तसंच अस्तराची ‘खिडकी’ सांगणारी महागडी जनुकीय तपासणी. 2022 साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या यादृच्छिक चाचणीत तिच्यानुसार ट्रान्सफरची वेळ ठरवून बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, 2023 पासून आयव्हीएफ मोफत होऊ लागलं आहे. पण खासगीत उपचार घेणाऱ्या घरांनी अशा जोडखर्चांवर पैसे घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

रक्तप्रवाहाचा डॉपलर, अस्तराच्या कोणत्या थरापर्यंत रक्तवाहिन्या पोचल्या वगैरे, बघायला छान असतो. पण नुसता प्रवाह कमी दिसला म्हणून ट्रान्सफर रद्द करू नये. पिशवीच्या लाटा मात्र बघाव्यात. प्रोब मिनिटभर अजिबात न हलवता धरायचा आणि छोटा व्हिडिओ घेऊन वेगाने चालवायचा, मग अस्तराच्या मधल्या रेघेत खालून वर सरकणाऱ्या लाटा दिसतात. प्रोजेस्टेरॉनने त्या शांत व्हायला हव्यात. ट्रान्सफरच्या वेळी मिनिटाला पाचहून जास्त लाटा असतील तर गर्भ राहण्याचं प्रमाण कमी दिसतं, हे 1998 च्या फ्रेंच अभ्यासापासून माहीत आहे.

अस्तर तयार आहे असं ठरलं की प्रोजेस्टेरॉन. दिवस मोजण्यात इथे घोळ होतात, म्हणून उदाहरणच घ्या. पहिली मात्रा सोमवारी. सोमवार पहिला दिवस धरला तर तीन दिवसांचं भ्रूण गुरुवारी, ब्लास्टोसिस्ट शनिवारी, म्हणजे सहाव्या दिवशी. योनीमार्गात 400 मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ हा नेहमीचा डोस. ट्रान्सफरच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मिलिलिटरमागे साधारण 10 नॅनोग्रॅमच्या आसपास हवं. कमी असेल तर इंजेक्शन जोडतात. या गोळ्या-पेसरी स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात डिकीत मेणासारखी पेसरी वितळून आकार बदलते आणि औषध सगळीकडे सारखं राहत नाही. वेष्टनावर लिहिलेल्या तापमानात, गरज असेल तर फ्रिजच्या दारात ठेवा.

ट्रान्सफरच्या दिवशी सोनोग्राफी पोटावरून होते आणि त्यासाठी मूत्राशय भरलेलं लागतं. साखळीहून निघतानाच पाणी पिऊन बसू नका. सेंटरवर पोचल्यावर, तासभर आधी दोन-तीन ग्लास प्या. फार भरलं तर तुम्हालाही कळा येतात आणि पिशवी उलट मागे ढकलली जाते. भरलेल्या मूत्राशयाने पुढे झुकलेली पिशवी सरळ होते आणि गर्भमुख व पोकळी यांमधला कोन कमी होतो, म्हणून कॅथेटर सहज जातं. मागे झुकलेल्या पिशवीत हा फायदा मिळत नाही. तिथे आधीच्या महिन्यात रिकाम्या कॅथेटरने रंगीत तालीम करून मार्ग आणि पोकळीची लांबी लिहून ठेवलेली बरी.

पडद्यावर काय दिसतं ते सांगतो. आधी बाहेरची नळी गर्भमुखाच्या आतल्या तोंडापर्यंत येते. मग मऊ आतली नळी पांढऱ्या रेघेसारखी पोकळीत सरकते आणि फंडसपासून 1 ते 2 सेंमी अलीकडे थांबते. वरच्या टोकाला टेकली तर पिशवी आकुंचन पावते, म्हणून टेकवायची नाही. मग 20-30 मायक्रोलिटर द्रव हळू सोडला जातो आणि त्यातला हवेचा बुडबुडा लुकलुकणाऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. तो ठिपका म्हणजे भ्रूण नव्हे, भ्रूण डोळ्याला दिसत नाही. ठिपका साधारण कुठे पडलं ते सांगतो, एवढंच. नळी बाहेर काढल्यावर लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, भ्रूण आत अडकून राहिलेलं नाही ना याची खात्री करायला.

त्यानंतर लगेच बाथरूमला जा, लघवी धरून ठेवू नका. भ्रूण लघवीवाटे जात नाही, वाट वेगळी आहे. अर्धा तास आडवं पडून राहण्याने यश वाढत नाही. साखळीपर्यंत गाडीने खुशाल या, कदंब बसने आलात तरी चालेल. रस्त्यातल्या खड्ड्यांनी भ्रूण निसटत नाही, पोकळीच्या दोन्ही भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन मात्र एकही मात्रा न चुकवता चालू ठेवा, डाग दिसले तरी स्वतःहून बंद करू नका. ब्लास्टोसिस्ट सोडल्यापासून 10-12 दिवसांनी बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी. घरची पट्टी त्याआधी लावली आणि कोरी आली तर औषधं थांबवू नका. ट्रान्सफरच्या दिवशी गर्भाचं वय 2 आठवडे 5 दिवस धरतात, त्यावरून पुढची सोनोग्राफी साधारण सव्वासहा ते साडेसहा आठवड्यांना, म्हणजे ट्रान्सफरनंतर 25-27 दिवसांनी येते. त्यात गर्भपिशवी पोकळीत आहे की नळीत आणि ठोके दिसतात का, हे बघितलं जाईल.